घरातला चित्रकला वर्ग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये घरच्या घरी मुलांचा चित्रकला वर्ग सुरू करू पाहणाऱ्या, किंवा नुकताच सुरू केलेल्या वाचकांची पत्रे अधिक होती. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) केले असून सहा वर्षे एका खासगी शाळेत कलाशिक्षिका होते. मुलाच्या जन्मानंतर नोकरी सोडली. आता तो बालवाडीत जाऊ लागला आहे, तेव्हा घरीच वर्ग घ्यावेत असे मनात आहे. सदनिका पहिल्या मजल्यावर असून दिवाणखाना दहा बाय चौदा फुटांचा आहे. घरी सासूबाई असतात. एका वेळी किती मुले घ्यावीत, शुल्क किती ठेवावे आणि सुरुवातीला किती पैसे घालावेत, याचा अंदाज येत नाही. ओळखीच्या एका बाईंनी ‘पंधरा-वीस मुले घेतल्याशिवाय परवडत नाही’ असे सांगितल्यामुळे मन साशंक झाले आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या परिचित बाईंचा हिशेब शाळेच्या वर्गाचा आहे. शाळेत चाळीस-पन्नास मुलांसमोर फळ्यावर चित्र काढून दाखवावे लागते, कारण तेथे दुसरा इलाज नसतो. पालक मूल आपल्या घरी पाठवतात आणि वेगळे पैसे मोजतात ते त्याच्याकडे स्वतंत्रपणे पाहिले जावे म्हणून. दीड तासाच्या वर्गात आठ मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला आपली जेमतेम अकरा मिनिटे येतात; वीस असतील, तर साडेचार. त्यातून कागद वाटणे, पाणी बदलणे, सांडलेले पुसणे आणि एकाचा रुसवा काढणे वजा केले की काय उरते, हे आपल्यासारख्या अनुभवी शिक्षिकेला सांगायला नको. जागेचा हिशेबही तेच सांगतो. बैठे डेस्क, पाव इंपिरियल आकाराचा (अकरा बाय पंधरा इंचांचा) कागद, रंगांची थाळी आणि पाण्याचा मग घेऊन मांडी घालून बसलेल्या मुलाला साधारण दहा चौरस फूट लागतात आणि आपल्याला मुलांच्या मागून फिरायला वाट लागते. आपल्या एकशे चाळीस चौरस फुटांत, सोफा भिंतीला सरकवल्यावर, आठ ही वरची मर्यादा समजावी आणि सुरुवात पाच-सहांवर करावी.

वयोगट मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीला अकरा वर्षांच्या भावासोबतच घ्या, म्हणजे एकाच फेरीत काम होईल, अशी गळ पालक हमखास घालतात. त्याला नम्रपणे नकार द्यावा. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले. पण वर्गाची आखणी करताना ते आजही उपयोगी पडतात. चार ते सात या वयातले मूल आपल्याला जे ठाऊक आहे ते काढते, म्हणून त्याच्या एसटीच्या पत्र्यातून आतले सगळे प्रवासी दिसतात आणि आजी घरापेक्षा मोठी असते. सात ते नऊच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि तिच्यावर सगळे जग ओळीने उभे राहते. नऊनंतर मुलाला आपले चित्र ‘खरे’ दिसत नाही याची टोचणी लागते, खोडरबर झिजू लागते आणि बरीच मुले याच वयात ‘मला येत नाही’ म्हणून चित्रे काढणे सोडून देतात. पहिल्या गटाला साहित्य आणि मोकळीक हवी असते, तर शेवटच्या गटाला नेमके तंत्र हवे असते. त्यांना एका सतरंजीवर बसवले की धाकटे मोठ्यांची नक्कल करू लागते आणि मोठे कंटाळते. पाच ते सात वर्षांच्या गटाला एक तास पुरे, पुढच्या दोन गटांना दीड तास द्यावा.

शुल्काचा आकडा गावागावाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो सांगण्यापेक्षा मांडणी दाखवतो. समजा, आपण तीन गट घेतले, प्रत्येक गट आठवड्यातून दोनदा, आणि दरमहा शुल्क ९०० रुपये ठेवले. तिन्ही गटांत मिळून चोवीस जागा असल्या तरी हिशेब अठराच धरावा, कारण जागा कधीच सगळ्या भरलेल्या राहत नाहीत. वर्षाचे महिनेही बारा धरू नयेत. दिवाळीची सुटी, वार्षिक परीक्षा आणि मे महिन्यात गावाला जाणारी मुले लक्षात घेता दहाच धरावेत. अठरा मुलांचे दहा महिन्यांचे शुल्क १,६२,००० रुपये झाले. मुलामागे महिना १२० रुपयांचे कागद आणि रंग धरले, तर २१,६०० रुपये गेले. वीज, साफसफाई, छायाप्रती, फुटलेले मग, खराब झालेल्या चटया यांना महिना दीड हजार म्हणजे वर्षाला १८,००० रुपये लागले. हाती उरले १,२२,४०० रुपये. आता वेळ पाहा. शिकवण्याचे आठवड्याला आठ तास होतात, आणि तयारी, आवराआवर व पालकांशी बोलणे यांचे सहा तरी होतातच. दहा महिन्यांत ते सहाशे तासांच्या आसपास जातात, म्हणजे आपल्याला ताशी साधारण दोनशे रुपये मिळाले. हा आकडा आपल्याला पटतो का, हे आधी ठरवावे. पटत नसेल तर शुल्क वाढवावे, मुले वाढवू नयेत. आणि ओळखीच्यांना ‘द्या काय द्यायचे ते’ असे कधीही म्हणू नये. शुल्क महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शक्यतो तिमाही, आगाऊ घ्यावे आणि मुलाने बुडवलेल्या तासाचे काय होणार हे प्रवेशाच्या कागदावरच लिहावे.

सुरुवातीच्या खर्चाला वीस हजारांची मर्यादा घालून घ्यावी आणि ती शक्यतो गाठूही नये. बैठी डेस्के जुनी मिळतात. जमिनीवर ताडपत्री किंवा जुने लिनोलियम अंथरावे, मुलांना घरून वडिलांचा जुना सदरा अ‍ॅप्रन म्हणून आणायला सांगावे, आणि ओली चित्रे वाळवायला खिडकीत दोरी बांधून कपड्यांचे चिमटे लावावेत. पैसे घालायचे ते कागदात. झेरॉक्सचा पातळ कागद रंगाचे पाणी पडताच लाटांसारखा उचलला जातो, आणि मुलाला वाटते आपलेच चुकले. १३० ते १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, मोठ्या शीटमध्ये घ्यावा. बावीस बाय तीस इंचांच्या एका शीटचे अकरा बाय पंधराचे चार कागद होतात. पोस्टर रंगांचे चोवीस छटांचे खोके घेण्याऐवजी लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन निळा, पांढरा आणि काळा अशा पाच मोठ्या बाटल्या घ्याव्यात. हिरवा आयता मिळाला नाही म्हणजे मूल तो तयार करते, आणि पिवळ्यात थोडासा काळा पडला की शेवाळी हिरवा होतो हे पाहून सात वर्षांचे मूल ज्या चेहऱ्याने वर बघते, तो चेहरा चोवीस रंगांच्या खोक्यातून मिळत नाही. ब्रश गोल २, ६ आणि १० क्रमांकांचे पुरतात. दोन मुलांमागे पाण्याचे दोन मग ठेवावेत, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक स्वच्छ. उजव्या हाताने काढणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड येईल अशी बैठक मांडावी, डावखुऱ्याला पलीकडच्या बाजूला बसवावे. शाडूचे काम घेतले, तर हात धुतलेले पाणी मोरीत ओतू नये. बादलीत गाळ बसू द्यावा, वरचे पाणी काढावे आणि माती पुन्हा वापरावी. एकदा नळी तुंबली की त्या महिन्याची मिळकत प्लंबरकडे जाते.

सासूबाईंचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे, पण घरातल्या वर्गाचा तो कळीचा प्रश्न आहे. संध्याकाळी साडेपाच ते सात दिवाणखाना परक्या मुलांच्या ताब्यात गेला, तर दिवेलागण, चहा, आलेगेले, टीव्ही या सगळ्यांच्या वेळा हलतात. वार आणि वेळ त्यांच्याशी बोलून ठरवावी आणि मग ती मोडू नये. दुसरी एक वयस्क व्यक्ती घरात आहे, ही पालकांच्या दृष्टीने आपल्या वर्गाची जमेची बाजूच आहे. मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावे व फोन लिहून घ्यावेत, दुसऱ्या कुणासोबत पाठवू नये, वर्ग चालू असताना खोलीचे दार उघडे असावे, बाल्कनीचे दार बंद असावे, आणि मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत. कटर आणि टर्पेंटाइन कुलपात ठेवावे.

पहिली मुले पत्रके वाटून फारशी मिळत नाहीत. एखाद्या रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात परिसरातल्या मुलांसाठी तासाभराचा विनामूल्य वर्ग घ्यावा, चित्रे तेथेच दोरीवर टांगावीत आणि पालकांना न्यायला येताना ती पाहू द्यावीत. त्यांतून चार-पाच मुले आली की पुरे. दिवाळीपूर्वी पणत्या आणि आकाशकंदील, मे महिन्यात दहा दिवसांचे शिबिर असे स्वतंत्र उपक्रम घेतले, तर वरच्या हिशेबातले रिकामे दोन महिने काही अंशी भरून निघतात.

प्रश्न : वर्ग सुरू करून वर्ष होत आले, बारा मुले आहेत. काही पालकांची तक्रार आहे, की मुलांच्या वह्यांत एकही ‘पूर्ण’ चित्र दिसत नाही. जवळच्या दुसऱ्या वर्गातील मुले दर महिन्याला फ्रेम करण्याजोगे चित्र घरी नेतात. दोन मुले त्या वर्गात गेलीसुद्धा. मुलांच्या चित्रांवर मी शेवटी थोडा हात फिरवावा का? मला ते आवडत नाही, पण वर्ग टिकवायचा आहे.
— एक वाचक, अकोला

उत्तर : फिरवू नये. शिक्षकाच्या हाताचा एक सफाईदार फटकारा चित्रात शिरला की मुलाला तो लगेच ओळखू येतो, आणि आपण काढलेला बाकीचा भाग त्याला त्या क्षणापासून कुरूप वाटू लागतो. पुढच्या वेळी ते अर्धे चित्र काढून थांबते आणि आपल्याकडे बघत बसते. अशी वाट पाहत बसलेली मुले कुठल्याही ‘फ्रेमवाल्या’ वर्गात दिसतात.

काही दाखवणे भागच असेल, तर ते वेगळ्या चिठोऱ्यावर, मुलाच्या कागदाशेजारी काढून दाखवावे आणि तो चिठोरा आपल्यासोबत परत न्यावा. मुलाच्या कागदावर फक्त मुलाचाच हात लागेल, हा नियम पालकांनाही प्रवेशाच्या वेळी सांगून ठेवावा, कारण घरी गेल्यावर आकाशाचा राहिलेला निळा आई भरून देते.

पालकांची तक्रार मात्र सर्वस्वी चुकीची समजू नका. त्यांना काहीतरी शिकले गेल्याची खूण हवी आहे, आणि त्यांनी लहानपणी शाळेत पाहिलेली एकच खूण त्यांना ठाऊक आहे : दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून वर आलेला किरणांचा सूर्य, तेथूनच उगम पावून थेट आपल्याकडे वाहणारी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचे झाड. हे चित्र महाराष्ट्रात सर्वत्र सारखेच निघते. अकोल्याच्या आसपास कपाशी आणि तुरीची सपाट काळी राने पसरलेली असताना, आणि दारात कडुनिंब उभा असताना, तेथील मुलांनी हा नारळ नेमका कुठून आणला हे मला आजवर उलगडलेले नाही. या साच्याला विरोध करून तो जात नाही. त्याऐवजी मुलांसमोर खरी वस्तू ठेवावी.

उदाहरणार्थ, वर्गाच्या मध्यभागी स्टुलावर प्रेशर कुकर ठेवून पाहा. पहिली दोन मिनिटे पेन्सिलला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे आणि दिसेल ते बोलायचे. कुणाला शिट्टी दिसते, कुणाला दांडीवरचे दोन स्क्रू, कुणाला पोटावर खिडकी उलटी वाकलेली दिसते. मग काढायला सांगावे. सहा वर्षांचे मूल झाकण पूर्ण गोल काढील आणि तळ सरळ रेघेने, कारण झाकण गोल आहे आणि कुकर स्टुलावर सपाट बसतो हे त्याला माहीत आहे. त्याला तसेच राहू द्यावे. दहा वर्षांच्या मुलाला मात्र तेच चित्र खटकते, पण काय खटकते ते सांगता येत नाही. अशा वेळी स्टीलची थाळी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरावी. ती नुसती रेघ दिसते. ती हळूहळू खाली आणावी. रेघ उघडत जाते, लांबट होते आणि पायाशी पोचेतो जवळजवळ पूर्ण वर्तुळ होते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला तांब्या, पेला, बादली, विहिरीचा काठ यांपैकी काहीही पुन्हा वेगळे शिकवावे लागत नाही. पालकांना वर्गातला असा एखादा पाठ दाखवता आला, तर फ्रेमची मागणी बरीच मवाळ होते असा अनुभव आहे.

प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने त्या चित्राबद्दल सांगितलेले एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहावे. प्रत्येकाची फाइल करावी, फसलेली चित्रेही तिच्यात ठेवावीत. दर तीन महिन्यांनी पालकांना पंधरा मिनिटे बोलावून पहिले आणि अलीकडचे चित्र शेजारी शेजारी ठेवावे. मुलाने कोणता भाग स्वतः शोधून काढला हे त्यांना बोट ठेवून दाखवता येते, आणि ते दाखवणे हा आपल्या कामाचाच भाग आहे. वर्षातून दोनदा मुलाला स्वतःला आवडलेले एक चित्र निवडू द्यावे. त्याच्याभोवती दोन इंचांची पांढरी कडा येईल असा माउंट कापून मागे जाड पुठ्ठा लावावा. चित्राला हात न लावताही ते एकदम ‘पूर्ण’ दिसू लागते, भिंतीवर शोभते, आणि आजीला फोनवर दाखवता येते. एवढी तडजोड मला मान्य आहे.

ही भूमिका काही नवी नाही. व्हिएन्नामध्ये कलाशिक्षक फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला, तेव्हा मुलांना मोठ्यांच्या नमुन्यांची नक्कल करायला लावण्याच्या रिवाजाविरुद्धच ते गेले होते. आपल्याकडे शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात आले आणि तेथील गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत त्यांनी दीर्घकाळ मुलांना कला शिकवली. कला हा फावल्या वेळचा विषय नसून शिक्षणाचा पाया आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

स्पर्धांबाबत एक सावधगिरी सुचवतो. रंगभरण स्पर्धांची पत्रके वर्गात येतच राहतात आणि बक्षिसे पालकांना आवडतात. मुलाला जायचे असेल तर जरूर जाऊ द्यावे, पण वर्गाचे तास स्पर्धेच्या ‘तयारी’ला देऊ नयेत, तोच पाठ केलेला देखावा मग दर स्पर्धेत उतरतो. जी दोन मुले गेली, त्यांच्यामागे धावू नये. काही पालकांना चित्रच हवे असते, आणि ते दुसरीकडे मिळते.

प्रश्न : माझ्याकडे चित्रकलेची पदविका नाही, वाणिज्य शाखेची पदवी आहे, मात्र वीस वर्षे आवडीने जलरंगात काम करते. मी वर्ग घेऊ शकते का? आसपासचे पालक एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांची तयारी करून घ्याल का, असे विचारतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घरगुती छंदवर्गासाठी पदविका असलीच पाहिजे असे बंधन नाही. ती शाळेतील कलाशिक्षकाच्या नोकरीसाठी लागते. फलकावर आणि बोलण्यात ‘शासनमान्य’ असा शब्द वापरू नये, एवढे पथ्य पाळावे. लहान मुलांसोबत काम करायला चित्र येणे पुरेसे नसते, त्यामुळे एखाद्या बालवाडीत किंवा ओळखीच्या कलाशिक्षकांच्या वर्गात काही आठवडे मदतनीस म्हणून बसता आले, तर फार उपयोग होईल.

परीक्षांचा विषय वेगळा आहे. शासकीय रेखाकला परीक्षा महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जातात. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (डिझाइन) आणि कर्तव्यभूमिती (कंपासपेटीने अचूक आकृत्या काढणे) व अक्षरलेखन हे विषय असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. आपली अडचण जलरंगांत येणार नाही, ती भूमितीत आणि अक्षरलेखनात येईल. लंबवर्तुळ, स्पर्शिका, बहुभुजाकृती आणि घनांची विक्षेपचित्रे ही कंपासपेटीची कामे आहेत, तेथे आवडीने भागत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आणून त्या आधी स्वतः वेळ लावून सोडवाव्यात. आपल्याला ठरलेल्या वेळेत जमले, तरच पालकांना होकार द्यावा. मुलांची नोंदणी सर्वसाधारणपणे शाळेमार्फत होते, त्यामुळे शाळेतील कलाशिक्षकांशी सलोखा ठेवावा आणि नोंदणीची मुदत त्यांच्याकडूनच जाणून घ्यावी. ‘आमच्या वर्गातून अर्ज भरून मिळेल’ असे सांगू नये.

पालकांचा या परीक्षांकडे ओढा असण्याचे कारण दहावीचे वाढीव गुण हे आहे. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाल्यास सात, बी श्रेणीस पाच आणि सी श्रेणीस तीन गुण, अशी ती पद्धत आहे. गुणांसाठी आलेल्या मुलाला कमी लेखू नये. स्मरणचित्रासाठी चौकातील गर्दी किंवा आठवडी बाजार काढायला बसलेले मूल माणसे कशी उभी राहतात, वाकतात, ओझे कसे उचलतात हे पाहायला शिकते, मग कारण काहीही असो. मात्र हा गट सातवी-आठवीच्या मुलांचा स्वतंत्र ठेवावा आणि चौथीतल्या मुलाला ‘आत्तापासून तयारी’ म्हणून त्यात घेऊ नये.

प्रश्न : माझा घरी आठ मुलांचा चित्रकला वर्ग आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी ‘निवासी इमारतीत क्लास चालवता येणार नाही’ असे तोंडी कळवले आहे. सोळा वर्षांखालील मुलांचे क्लास घेण्यास सरकारची बंदी आहे, असेही ते म्हणतात. यात तथ्य किती? कोणकोणत्या नोंदण्या कराव्या लागतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुसरा मुद्दा आधी घेऊ, कारण तो गैरसमजातून आला आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे हे खरे. परंतु त्याच तत्त्वांतील व्याख्येनुसार कोचिंग म्हणजे पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण, आणि क्रीडा, नृत्य, नाट्य व अन्य सर्जनशील उपक्रम त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. आपला आठ मुलांचा चित्रकला वर्ग दोन्ही अर्थांनी बाहेर राहतो. त्या पानाची प्रत सचिवांना द्यावी.

पहिल्या मुद्द्यावर मात्र त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिकेच्या वापराचे नियम उपविधींमध्ये (बाय-लॉजमध्ये) असतात, ते आधी वाचावेत आणि लेखी अर्ज करावा. अर्जात मुलांची संख्या, वार, वेळ आणि वर्गाव्यतिरिक्त जागेचा वापर निवासीच राहील हे नमूद करावे. चपला जिन्यात न ठेवता घरात मांडणीवर ठेवल्या जातील, पालक दुचाकी फाटकाबाहेर लावतील आणि फलक लावला जाणार नाही, ही तीन आश्वासने लिहून दिली की बहुतेक समित्यांचा विरोध मावळतो, कारण खरी तक्रार सहसा चपला आणि दुचाकींचीच असते. भाड्याचे घर असेल, तर मालकाची लेखी परवानगीही लागेल.

नोंदण्यांचे ओझे थोडे आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांकडे जाऊ नये. सेवा देणाऱ्यांना वस्तू व सेवा कराची नोंदणी वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर गेल्यावर लागते, त्यामुळे घरगुती वर्गाला तो विषय येत नाही. मिळकत प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावी आणि व्यवसाय कराबद्दल एकदा लेखापालांना विचारून घ्यावे. विजेबाबत, घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्या महावितरणच्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दर लागू ठेवण्याची तरतूद दरपत्रकात आहे. गेल्या वर्षाची बिले एकत्र करून बेरीज पाहावी. शुल्काची पावती प्रत्येकाला द्यावी आणि वर्गाचे बँक खाते वेगळे ठेवावे.

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या ओळखीतील काही मराठी कुटुंबांना मुलांसाठी मराठीतून चित्रकला शिकवणारे कुणी हवे आहे. पुण्यातून ऑनलाइन वर्ग घेणे कितपत जमेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आठ वर्षांवरील मुलांसाठी जमेल, त्याहून लहान मुलांसाठी सुचवणार नाही, कारण रंग सांडला तर पुसायला आपण तेथे नसतो. एका वेळी चारहून अधिक मुले घेऊ नयेत. फोन स्टँडवर उलटा टांगून आपला कागद वरून दिसेल असा ठेवावा, आणि मुलांचाही कागद दिसेल अशी मांडणी पालकांकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावी. नुसता चेहरा दिसत असेल, तर शिकवता येत नाही. तेथे ए-फोर कागद सहज मिळत नाही, साडेआठ बाय अकरा इंचांचा मिळतो, त्यामुळे मापे सांगताना ते ध्यानात ठेवावे. तेथील शनिवारी सकाळी नऊची वेळ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळे बदलतात, तेव्हा त्या आठवड्यांत पालकांना आठवण करून द्यावी. पहिल्या महिन्यात वारली घेऊन पाहावी. जिव्या सोमा मशे यांनी घराच्या भिंतीवरची ही चित्रे कागदावर आणून जगभर पोचवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ही हकिकत मुलांना आवडते. तपकिरी कागदी पिशवी कापून पसरली आणि पांढरा पोस्टर रंग घेतला की साहित्य तेवढेच लागते. पैसे परदेशातून येणार असल्याने ते बहिणीच्या खात्यावर गोळा न करता थेट आपल्या बँक खात्यात घ्यावेत आणि त्यासाठी लागणारी माहिती आपल्या शाखेत आधीच विचारून ठेवावी.